३८ टन, ५० टक्के

२४ सप्टेंबर १९८० रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये तारापूरच्या अणुइंधनावर मतदान झाले. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी भारताला द्यायचे ठरवलेले ३८ टन समृद्ध युरेनियम रोखून धरावे, असा ठराव होता. ठरावाच्या बाजूने ४६ मते पडली, विरोधात ४८. दोन मतांनी इंधन सुटले. सहा दिवस आधी प्रतिनिधीगृहाने हाच ठराव २९८ विरुद्ध ९८ अशा भरभक्कम बहुमताने मंजूर केला होता. पण इंधन अडवायचे तर दोन्ही सभागृहांचा होकार हवा, असा कायदा होता. सिनेटने तो दिला नाही, म्हणून युरेनियम भारताकडे निघाले. त्याच्या कांड्या हैदराबादच्या इंधन संकुलात बनणार होत्या आणि त्या जाणार होत्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या, बोईसरजवळच्या समुद्रकाठच्या दोन अणुभट्ट्यांत.

अमेरिकेतल्या रूढिवादी पक्षाची, म्हणजे राष्ट्रस्थापनेच्या वेळची तत्त्वे जपू म्हणणाऱ्या मंडळींची, चर्चा आपल्याकडे होते ती बहुधा नेत्यांच्या भाषणांवरून. पालघर-बोईसरच्या माणसाला ती तत्त्वे पारखायला भाषणांची गरज नाही. ती त्याच्या दाराशी येऊन गेली आहेत, एकदा इंधनाच्या रूपाने आणि एकदा कराच्या रूपाने.

आधी इंधनाचे. ८ ऑगस्ट १९६३ ला भारत आणि अमेरिका यांच्यात करार झाला. जनरल इलेक्ट्रिकने भट्ट्या उभारायच्या, पैसा अमेरिकी कर्जातून यायचा आणि तीस वर्षे लागणारे समृद्ध युरेनियम अमेरिकेनेच पुरवायचे. २८ ऑक्टोबर १९६९ पासून दोन्ही संचांची वीज रीतसर विकली जाऊ लागली. १८ मे १९७४ ला पोखरणला स्फोट झाला आणि वॉशिंग्टनचे वारे फिरले. १० मार्च १९७८ ला नवा अण्वस्त्रप्रसारबंदी कायदा आला. जो देश आपले सगळे अणुप्रकल्प आंतरराष्ट्रीय तपासणीला खुले करणार नाही त्याला इंधन नाही, ही त्याची अट. १६ मे १९८० ला तिथल्या अणुनियामक आयोगाने एकमताने तारापूरचा परवाना नाकारला. महिनाभराने कार्टर यांनी आपल्या अधिकारात तो निर्णय फिरवला. मग काँग्रेस, म्हणजे तिथली दोन्ही सभागृहे, आडवी उभी राहिली. अंतराळवीर म्हणून जगाला ठाऊक असलेले जॉन ग्लेन सिनेटर होते. राष्ट्राध्यक्ष त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे, तरी इंधन रोखायच्या बाजूने तेच पुढे होते.

बोईसरकडून पाहिले तर हा शब्द फिरवण्याचा प्रकार होता, आणि भारत सरकारने तेव्हा तसे स्पष्ट बजावलेही. करार १९६३ चा, कायदा १९७८ चा. नंतरच्या कायद्याने आधीचा शब्द कसा मोडता येईल? इंधन पुरवून पुरवून वापरावे लागले, संच कमी भाराने चालवावे लागले. वापरलेल्या इंधनाचे काय करायचे, यावरही अमेरिकेची संमती हवी की नको हा वाद पेटला आणि ते इंधन तारापूरच्याच आवारात साठत गेले. ज्याच्या राज्ययंत्रणेत आयोग एक म्हणतो, राष्ट्राध्यक्ष दुसरे, खालचे सभागृह तिसरे आणि वरचे चौथे, त्याच्याशी व्यवहार करणे जिकिरीचे असते. ही तक्रार खरी आहे.

तरीही मी त्या मतदानाच्या बाजूने आहे. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात बसलेल्या लोकांनी जे घडवले ते नेमके हेच. राजाच्या जाचातून नुकतेच सुटलेले ते लोक. सत्ता कुणाच्याही एकट्याच्या हाती, कितीही सज्जन असला तरी, पुरी द्यायची नाही हे त्यांनी पक्के केले होते. जेम्स मॅडिसन यांनी ‘फेडरलिस्ट’च्या ५१ व्या लेखात त्यामागचे गणित मांडले. माणसे देवदूत नसतात. त्यामुळे एका पदावरच्या माणसाची महत्त्वाकांक्षा दुसऱ्या पदावरच्या माणसाच्या महत्त्वाकांक्षेने अडवली गेली पाहिजे. तारापूरच्या ३८ टनांवर ते गणित सर्वांदेखत सोडवले गेले. कोणी कोणत्या बाजूने हात वर केला हे नावानिशी नोंदले गेले आणि आजही कोणालाही वाचता येते. गैरसोय आपली झाली, पण निर्णय कोणाचा हे लपले नाही.

रूढिवादी म्हणवणाऱ्यांनी जपायचे ते हेच होते, आणि एका काळी ते जपतही होते. ‘नॅशनल रिव्ह्यू’ हे त्यांचे मुखपत्र १९५५ मध्ये विल्यम बकली यांनी सुरू केले. त्याच्या संपादकांपैकी एक जेम्स बर्नहॅम यांनी १९५९ मध्ये ‘काँग्रेस अँड द अमेरिकन ट्रॅडिशन’ हे पुस्तक लिहिले. राष्ट्राध्यक्षपद फुगत चालले आहे, काँग्रेस दुबळी होत आहे, आणि काँग्रेस गेली तर स्वातंत्र्यही जाईल, हे त्यातले म्हणणे. त्याआधी सिनेटर रॉबर्ट टाफ्ट यांनी काँग्रेसला न विचारता कोरियात सैन्य धाडल्याबद्दल राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांना सिनेटमध्ये धारेवर धरले होते. ओहायोचे जॉन ब्रिकर तर घटनादुरुस्ती घेऊन आले. परदेशांशी होणारे करार आणि राष्ट्राध्यक्षाने परस्पर केलेले समझोते यांना विधिमंडळाचा लगाम हवा, ही त्यांची मागणी. २६ फेब्रुवारी १९५४ ला तिचा सौम्य केलेला मसुदा सिनेटमध्ये ६० विरुद्ध ३१ वर आला. दोन-तृतीयांशाला एक मत कमी पडले. विशेष म्हणजे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर ब्रिकर यांच्याच पक्षाचे होते आणि या दुरुस्तीच्या विरोधात होते. सत्तेत आपला माणूस असतानाही त्याच्या हाताला दोर बांधायला निघालेली ही माणसे मला आजच्या कोणत्याही घोषणेपेक्षा मोठी वाटतात.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. स्थापनेच्या वेळचे सगळेच जपण्याजोगे नव्हते. त्याच घटनेने प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलाम माणूस तीन-पंचमांश मोजला होता. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामी मोडून काढणाऱ्या अमेरिकनांना. घटना लिहिणाऱ्यांना नव्हे. फुल्यांनी वाचले होते थॉमस पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’. ते लिहिले गेले एडमंड बर्कला उत्तर म्हणून, आणि रसेल कर्क यांनी १९५३ मध्ये अमेरिकी रूढिवादाची वंशावळ लिहिली तेव्हा मूळपुरुष म्हणून बसवले ते याच बर्कला. महाराष्ट्रात अमेरिकेची क्रांती आली ती पेनच्या बाजूने, आणि आमचा कल आजही त्याच बाजूला आहे. पण सत्तेची विभागणी ही दोन्ही घराण्यांची सामाईक मिळकत आहे. दुबळ्या माणसाला तिची गरज बलवानापेक्षा जास्त.

आता पुढची गाठ. ज्या दोरीने काँग्रेसने १९८० मध्ये कार्टर यांना खेचले ती तीन वर्षांनी कापली गेली. कारण ठरला भारतीय वंशाचा, केनियात जन्मलेला, ओहायोत शिकायला आलेला जगदीश राय चढ्ढा. त्याच्या विद्यार्थी व्हिसाची मुदत संपली होती. हद्दपारी स्थगित करावी असे न्यायाधीशाने ठरवले आणि प्रतिनिधीगृहाने डिसेंबर १९७५ मध्ये एका ठरावाने ती स्थगिती रद्द केली. २३ जून १९८३ ला सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन असा निकाल दिला की काँग्रेसला असा परस्पर नकाराधिकार नाही. ज्याला कायद्याचे बळ हवे ते दोन्ही सभागृहांतून जाऊन राष्ट्राध्यक्षाच्या सहीला गेलेच पाहिजे. घटनेचे अक्षर पाहिले तर निकाल बिनचूक. चढ्ढाचे घर वाचले, त्याचा आनंदच आहे. पण शेकडो कायद्यांत काँग्रेसने राष्ट्राध्यक्षाला अधिकार देताना ‘नको वाटले तर आम्ही ठरावाने परत घेऊ’ अशी जी सोय ठेवली होती, ती एका दिवसात निकामी झाली. अधिकार राष्ट्राध्यक्षाकडे उरले, लगाम सुटला. आता एखादा अधिकार परत घ्यायचा तर त्याच राष्ट्राध्यक्षाची सही हवी, नाहीतर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते.

तो सुटलेला लगाम म्हणजे काय, हे ऑगस्ट २०२५ मध्ये कळले. भारतीय मालावर आधी ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि रशियन तेल घेतो म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के, असा एकूण ५० टक्के आयातकर लागला. औषधे वगळली होती. कापड, रंग-रसायने, कोळंबी वगळली नव्हती. बोईसरच्या एमआयडीसीत फेरफटका मारला तर औषधाचा कारखाना आणि कापडाचा कारखाना एकाच रस्त्यावर सापडतात. त्या महिन्यात एकाची ऑर्डर टिकली आणि दुसऱ्याची अडली. हा कर लादला कोणत्या सभागृहाने? कोणत्याच नाही. आणीबाणीतल्या आर्थिक अधिकारांच्या १९७७ च्या कायद्याचा आधार घेऊन राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या आदेशाने तो लागला. त्या कायद्यात आयातकर हा शब्दही नाही, आणि घटनेच्या पहिल्याच कलमात कर आणि जकात बसवण्याचा अधिकार काँग्रेसला दिलेला आहे. प्रतिनिधीशिवाय कर नाही, या एका मागणीवर ज्या देशाने राजाशी युद्ध केले त्या देशात हे घडले. ३८ टनांसाठी दोन सभागृहे, एक आयोग आणि महिनोन्महिन्यांचा वाद. ५० टक्क्यांसाठी एक सही.

त्या सहीला टाळ्या वाजवणाऱ्यांत बहुतेक जण स्वतःला रूढिवादी म्हणवणारेच होते. टाफ्ट, ब्रिकर, बर्नहॅम यांचा वारसा त्यांनी टाकला, असे मी म्हणतो, आणि हे मी एकटाच बाहेरून म्हणत नाही. त्यांच्यातल्याच काहींनी ते म्हटले. न्यूयॉर्कच्या एका छोट्या वाइन आयातदारासह पाच लहान उद्योगांचा खटला चालवायला पुढे आले ते लिबर्टी जस्टिस सेंटर, मर्यादित सरकारचा पुरस्कार करणारी संस्था. वकिलांत मायकेल मॅककॉनेल होते, धाकट्या बुश यांनी नेमलेले माजी न्यायाधीश. भारतावरचा ५० टक्के कर लागू झाल्यानंतर दोनच दिवसांनी, २९ ऑगस्ट २०२५ ला, फेडरल अपील न्यायालयाने सात विरुद्ध चार मतांनी अशा आयातकर-आदेशांना कायद्याचा आधार नसल्याचे ठरवले. ५ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली तेव्हा सरकारी वकिलांना सर्वात अडचणीचा प्रश्न विचारला तो न्या. नील गोर्सच यांनी. ते ट्रम्प यांनीच नेमलेले. अधिकार एकदा राष्ट्राध्यक्षाकडे गेला की काँग्रेसला तो परत मिळवणे जवळपास अशक्य होते, मग हा प्रवास एकाच दिशेने होत राहणार नाही का, असा त्या प्रश्नाचा रोख होता. वारसा जपणे म्हणतात ते हे. आपल्याला नेमणाऱ्यालाच आडवा जाणारा प्रश्न.

मध्यंतरीचा एक टप्पा मुद्दाम बाजूला ठेवला होता, कारण त्यात आपला हिशेब आहे. रेगन यांच्या काळात, जुलै १९८२ मध्ये, इंदिरा गांधींच्या भेटीत तारापूरची कोंडी फुटली आणि इंधन फ्रान्सने द्यायचे ठरले. पुढे चीन आला, रशिया आला. १८ जुलै २००५ ला मनमोहन सिंग आणि बुश यांचे संयुक्त निवेदन निघाले, त्यात तारापूरच्या इंधनाचा नावानिशी उल्लेख आहे. बुश रूढिवादी पक्षाचे. डिसेंबर २००६ मध्ये ज्यांच्या नावाने कायदा झाला ते हेन्री हाइड तर कट्टर रूढिवादी. त्या कायद्याने भारत-अमेरिका अणुकराराची वाट मोकळी केली, पण काँग्रेसला वेळोवेळी अहवाल देण्याचे बंधनही आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षावर घातले. करार शेवटी प्रतिनिधीगृहात २७ सप्टेंबर २००८ ला २९८ विरुद्ध ११७ आणि सिनेटमध्ये १ ऑक्टोबरला ८६ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झाला.

आणि दिल्लीत? दिल्लीत त्या करारावर मतदान झालेच नाही. २२ जुलै २००८ ला २७५ विरुद्ध २५६ असे जे मतदान झाले ते सरकार राहावे की जावे यावर. डाव्यांनी पाठिंबा काढला म्हणून विश्वासठराव आला; ते बाहेर पडले नसते तर तेवढेही झाले नसते. परदेशाशी करार करण्यासाठी आपल्या सरकारला संसदेची मंजुरी लागतच नाही. ज्या कराराने तारापूरच्या भट्ट्यांचे भवितव्य ठरत होते त्यावर इलिनॉयच्या प्रतिनिधीने मत दिले, आणि या किनाऱ्यावरून निवडून गेलेल्या खासदाराला ती संधी मिळाली नाही. याची चीड यायला हवी होती. आपल्याकडे ती आली नाही. करार चांगला की वाईट एवढ्यातच सगळे भांडत राहिलो.

पालघरने हा अनुभव पुन्हा पुन्हा घेतला आहे. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. पुनर्वसनाचे गाऱ्हाणे घेऊन माणसे वर्षानुवर्षे उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिली, कारण दाद मागायला दुसरे सभागृहच नव्हते. डहाणूला मात्र एकदा खरा लगाम मिळाला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशावरून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण झाले आणि त्याच्या अध्यक्षस्थानी गांधीवादी न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी आले. १९९८ मध्ये या प्राधिकरणाने तालुक्यातल्या नियोजित वाढवण बंदराला नकार दिला. राज्य सरकारला बंदर हवे होते, मोठ्या कंपनीला हवे होते, तरी वाढवणचे कोळी, चिकूवाले बागायतदार आणि डाय बनवणारे कारागीर यांचे म्हणणे ऐकून घेणारी एक जागा तालुक्यातच होती. जानेवारी २०१९ मध्ये धर्माधिकारी गेले. ३१ जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणाने बंदराला परवानगी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये ७६ हजार कोटींहून मोठ्या प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. परवानगी योग्य की अयोग्य, हा वाद इथे काढत नाही. पण जो अंकुश एका माणसाच्या नैतिक वजनावर टिकतो तो त्या माणसाबरोबर सैल होतो, आणि मॅडिसन यांना नेमकी हीच धास्ती होती. गांधीवादी न्यायाधीश दर पिढीला मिळेलच असे नाही. रचना अशी हवी की तो नसतानाही नकार देता यावा.

तशी रचना करायला आपल्या राज्यघटनेने जागा ठेवली आहे. सातव्या अनुसूचीतल्या संघसूचीची १४ वी नोंद परदेशांशी होणाऱ्या तह-करारांची आहे. त्यावर कायदा करण्याचा अधिकार संसदेचा. पंचाहत्तरी उलटलेल्या प्रजासत्ताकात करार कसे करावेत याचा कायदा संसदेने अजून केलेला नाही. न्या. एम. एन. वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील घटना आढावा आयोगाने २००२ मध्ये असा कायदा करण्याची शिफारस केली, तीही तशीच पडून आहे. ब्रिकर यांना एका मताने जे मिळाले नाही ते आपल्याला घटनादुरुस्ती न करता, साध्या बहुमताने मिळू शकते.

लोकसभेत खासगी सदस्यांच्या विधेयकांना शुक्रवारी वेळ असतो. पालघरच्या खासदाराने, पक्ष कोणताही असो, असे विधेयक मांडावे. त्यात फार काही नको. अणुऊर्जा, व्यापार आणि संरक्षण यांविषयीचा कोणताही करार सहीनंतर ठराविक मुदतीत दोन्ही सभागृहांपुढे यावा, मंजुरीशिवाय लागू होऊ नये, आणि मतदान आवाजी नको, नावानिशी नोंदलेले हवे.